गाल सुजला म्हणजे दाढच दुखते असे नाही
लाळेच्या ग्रंथींची सूज व संसर्ग : ओळख, काळजी आणि प्रतिबंध



दर अंकात या पानावर मी आपणाशी लागण, बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलत असतो. या वेळी विषय वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने माणसाच्या रोगाविषयी का लिहावे, असे कुणी म्हणेल. मी डॉक्टर नाही, कृषी पदविकाधारक माणूस आहे. परंतु गेल्या हंगामात आपल्याच शिवारात असे काही पाहिले की ते सांगितल्याशिवाय राहवेना. त्यानंतर डॉक्टर मंडळींना विचारून, वाचून आणि स्वतःच्या जबड्यावर अनुभव घेऊन जे समजले, ते धड्यासारखे क्रमाने मांडतो आहे. शेवटी उजळणीचे प्रश्न आहेत, ते घरातल्या मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

टोळीत काय घडले

दिवाळीनंतर आर्वी गटात तोडणीची टोळी उतरली. कोप्या पडल्या, कोयते चालू झाले. आठवड्याभरात एका सहा वर्षांच्या पोराचा उजवा गाल कानाखाली फुगला. मुकादम म्हणाला, "साहेब, गालफुगी आहे. चुना-हळद लावली, होईल बरी." मीही मान डोलावून पुढच्या प्लॉटवर गेलो. ही माझी पहिली चूक.

सतरा-अठरा दिवसांनी एकदम तीन लेकरे तापाने पडली आणि तिघांचेही गाल सुजले. त्यांच्याबरोबर चोवीस वर्षांचा एक तोडणी कामगारही सुजला. लहान मुले खेळत-रडत बरी झाली. हा गडी मात्र गाल उतरला म्हणून पाचव्या दिवशी फडात आला, तेव्हा त्याला पुन्हा सणकून ताप होता आणि तो पाय फाकवून चालत होता. विचारले तर म्हणे, "मोळी उचलताना लचक भरली." तीन दिवस त्याने तसेच काढले. शेवटी त्याच्या बायकोने मुकादमाच्या बायकोला सांगितले की त्याचे अंड सुजून लाल झाले आहे. मग ट्रॅक्टर थांबवून त्याला सरकारी दवाखान्यात नेले.

तो बरा झाला. पण टोळीत बोलणे सुरू झाले की आता याला पोरबाळ होणार नाही. हे ऐकताना त्या पोराचा जो चेहरा झाला, तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दुखण्यापेक्षा त्या बोलण्याने तो जास्त खचला होता, आणि ते बोलणे खरेही नव्हते. ते कसे, हे पुढे सांगतो.

लाळ कुठून येते

तोंडाला पाणी सुटते असे आपण म्हणतो, पण ते पाणी येते कुठून हे पाहत नाही. आपल्या तोंडाभोवती लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत.

१) कानाखालची ग्रंथी. कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ती बसलेली असते. तिघींत ही सर्वांत मोठी. तिची नळी गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. आरशात पाहिले तर तिथे बारीक पुटकुळीसारखे टोक दिसते.

२) जबड्याखालची ग्रंथी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला असते. तिची नळी जिभेखाली, पुढच्या दातांच्या मागे उघडते.

३) जिभेखालची ग्रंथी. ही लहान असते आणि अनेक बारीक तोंडांनी जिभेखालीच उघडते.

यांखेरीज ओठ, गाल व टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी आहेत. या सर्वांतून मिळून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ येते. जेवताना पाट भरून वाहतो, झोपेत जवळजवळ बंद होतो. लाळेमुळे घास ओला होऊन गिळता येतो, भाकरीतील पिष्टाचे पचन तोंडातच सुरू होते, दातांवरचे आम्ल धुऊन निघते आणि तोंडातले जंतू आटोक्यात राहतात.

यातील शेवटचे काम नीट ध्यानात घ्यावे. वाहत्या पाटात शेवाळ धरत नाही, साचलेल्या पाण्यात धरते. लाळेचेही तसेच आहे. लाळ वाहती आहे तोवर तोंडातले जंतू नळीतून ग्रंथीकडे चढू शकत नाहीत. प्रवाह मंदावला की ते उलटे चढतात. लाळग्रंथींच्या निम्म्या तक्रारींचे मूळ समजायला एवढे पुरेसे आहे.

सूज तीन प्रकारची

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरिया टाकत नाही. लोह कमी आहे की पाणी साचले आहे की मुळाला हुमणी लागली आहे, हे आधी पाहतो. सुजलेल्या गालाचेही असेच आहे. दिसायला सूज एकच, पण कारणे निरनिराळी आणि उपाय तर काही बाबतींत अगदी उलट. मुख्य प्रकार तीन आहेत : विषाणूची सूज म्हणजे गालगुंड, खड्यामुळे तुंबलेली ग्रंथी, आणि जंतूंमुळे पू झालेली ग्रंथी.

पहिला प्रकार : गालगुंड

यालाच आपल्याकडे गालफुगी म्हणतात. हा रोग फार जुना. ग्रीसमधील हिपोक्रेटस या वैद्याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी थॅसॉस बेटावरील लोकांत याचे वर्णन केले आहे. कानाजवळची सूज आणि काही पुरुषांत अंडाची सूज, या दोन्ही गोष्टी त्याने नोंदल्या होत्या. कारण विषाणू आहे हे मात्र १९३४ साली अमेरिकेत जॉन्सन व गुडपाश्चर या दोघांनी सिद्ध केले.

रोग पसरतो खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, थुंकीतून आणि उष्ट्या भांड्यांतून. विषाणू अंगात शिरल्यापासून सूज दिसेपर्यंत बहुधा १६ ते १८ दिवस जातात. कधी १२, तर कधी २५ दिवसही लागतात. आमच्या टोळीत सतरा-अठरा दिवसांनी दुसरी लाट आली ती याच हिशेबाने. सूज येण्याच्या आधी साधारण दोन दिवस आणि सूज आल्यानंतर पाच दिवस तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणून मुलाला सूज आल्यावर पाच दिवस शाळेत, अंगणवाडीत किंवा लग्नात नेऊ नये. किती तरी जणांना गाल न सुजता नुसता बारीक ताप येऊन जातो, आणि तेही रोग पसरवतात.

सुरुवात ताप, अंगदुखी, डोकेदुखी व भूक मंदावणे यांनी होते. मग कानाखाली सूज येते आणि कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. आधी एक बाजू, नंतर बहुतेकांत दुसरीही. चावताना दुखते. आंबट खाल्ले की कळ निघते, कारण आंबटाने लाळ सुटते आणि सुजलेली ग्रंथी पिळल्यासारखी होते. आठ-दहा दिवसांत सूज उतरते.

उसावर मोझॅक आला तर त्याला फवारा नाही, हे आपणास ठाऊक आहे. तसेच गालगुंडाच्या विषाणूला मारणारे औषध नाही. अँटिबायोटिक गोळ्यांचा यावर काडीचाही उपयोग होत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पेज-वरणभातासारखे मऊ अन्न, गालावर गार किंवा कोमट जे सोसेल त्याचा शेक, आणि तापासाठी डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटॅमॉल, एवढाच उपचार. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्यामुळे मेंदू व यकृत यांवर घातक परिणाम होण्याचा धोका असतो.

बहुतेक मुले सुखरूप बरी होतात. पण पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

अ) वयात आलेल्या पुरुषांत लस न घेतलेल्या शंभरांमागे पंधरा ते तिसांना अंडाची सूज येऊ शकते. ती बहुधा गाल सुजल्यानंतर आठ-दहा दिवसांच्या आत येते. बहुतेकांत एकाच बाजूला. नंतर ती बाजू काहींमध्ये थोडी बारीक होते. परंतु कायमचे वंध्यत्व येणे दुर्मिळ आहे. एक बाजू धड असली तर मूल होण्यास सहसा अडचण येत नाही. आमच्या त्या गड्याला डॉक्टरांनी हेच शांतपणे समजावून सांगितले, आणि तेव्हा कुठे त्याने पोटभर भाकरी खाल्ली. अशा वेळी पडून राहावे, लंगोटाचा आधार द्यावा, गार शेक घ्यावा आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. लाजून फडात जाऊ नये. अंड अचानक दुखून सुजण्यामागे पीळ पडणे हेही कारण असते आणि त्यात काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणूनही डॉक्टरांनी पाहणे जरूर आहे.

आ) काहींना मेंदूच्या आवरणाला सूज येते. जोराची डोकेदुखी, वारंवार उलटी, मान आखडणे, गुंगी किंवा झटके ही त्याची लक्षणे होत.

इ) क्वचित एका कानाने ऐकू येणे बंद होते आणि ते कायमचे राहू शकते. एकच कान जातो म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. मूल बरे झाल्यावर दोन्ही कानांशी वेगवेगळे कुजबुजून पाहावे.

ई) वरच्या पोटात जोराची कळ व उलट्या झाल्यास स्वादुपिंडाला सूज असू शकते.

मुलींना गालगुंड झाले म्हणजे पुढे मूल होणार नाही, हा समज तर अगदीच निराधार आहे. अशा बोलण्यावरून कुणाची सोयरीक मोडू नये.

लस : बेणे प्रक्रियेसारखी गोष्ट

गवताळ वाढीचा रोग उभ्या पिकात बरा होत नाही. म्हणून आपण बेण्यावरच उष्ण प्रक्रिया करून घेतो. गालगुंडाचे तेच आहे. रोग आल्यावर औषध नाही, पण आधी रोखण्याची लस आहे.

या लशीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांच्या जेरिल लिन नावाच्या मुलीला गालगुंड झाले. बापाने रात्रीच तिच्या घशातून नमुना घेतला, प्रयोगशाळेत नेऊन ठेवला आणि त्यापासून पुढे लस तयार केली. १९६७ साली तिला परवाना मिळाला. आपल्या महाराष्ट्रात १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट गोवर, गालगुंड व रुबेला या तिन्हींची एकत्र लस तयार करते. तिच्यातील गालगुंडाचा वाण निराळा आहे, त्याला लेनिनग्राड-झाग्रेब म्हणतात. उसात जसे वाण, तसे लशीतही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांतून जी मोठी मोहीम झाली, ती गोवर-रुबेलाची होती. सरकारी कार्यक्रमात मुलांना नवव्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास मिळणारी लसही गोवर-रुबेलाची. तिच्यात गालगुंडाचा भाग नाही. ती लस अवश्य द्यावी, कारण गोवर जिवावर बेततो. पण ती दिली म्हणजे गालगुंडाचीही झाली, असे समजू नये. गालगुंडासह असलेली तिहेरी लस बालरोगतज्ज्ञांकडे मिळते, आणि त्यांची संघटना नऊ महिने, पंधरा महिने व चार ते सहा वर्षे या वयांत मिळून तीन डोस सुचवते. २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत केरळात हजारो मुलांना गालगुंड झाले, तेव्हा या फरकाची चर्चा देशभर झाली.

ज्या तरुणाला लहानपणी गालगुंड झाले नाही व लसही मिळाली नाही, त्याने डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस असल्याने गरोदर बाईला देत नाहीत, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधाने खालावली आहे त्यांनाही देत नाहीत.

दुसरा प्रकार : ग्रंथीतला खडा

हा प्रकार मला स्वतःला झाला, म्हणून तपशिलाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बांधावर बसून संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि उजव्या जबड्याखाली एकदम कळ आली. हात लावून पाहिले तर लिंबाएवढी गाठ. तासाभरात ती आपोआप उतरली. पुढे हे रोजचेच झाले. जेवायला बसलो की गाठ वर येई, जेवण आटोपले की उतरे. मी ठरवून टाकले की दाढ किडली. लवंग धरली, दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या आणि शेवटी हट्टाने एकाकडून दाढ काढून घेतली. दाढ गेली, गाठ तशीच. चांगली दाढ हकनाक गेली आणि त्यात जास्त दोष माझ्या घाईचा.

मग सेवाग्रामला कान-नाक-घसा विभागात गेलो. डॉक्टरांनी एक बोट जिभेखाली आणि एक हात जबड्याखाली ठेवून चाचपले आणि म्हणाले, "नळीत खडा आहे." फोटोत ज्वारीच्या दाण्याएवढा दिसला. जिभेखाली भूल देऊन बारीक चीर घेऊन तो काढला. संध्याकाळी मी बसने आर्वीला परत.

हा खडा मुख्यतः कॅल्शियमच्या फॉस्फेटचा असतो. दहांपैकी आठांहून अधिक खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. कारण तिथली लाळ घट्ट व विम्लधर्मी असते, नळी लांब असते आणि लाळेला खालून वर चढावे लागते. आपल्या ठिबकची लॅटरल आठवा. चढाची बाजू, क्षारांचे पाणी आणि मंद प्रवाह असला की ड्रिपर तुंबतो. इथेही तसेच. मात्र विहिरीचे जड पाणी प्यायल्याने हा खडा होतो असे सिद्ध झालेले नाही. उन्हात राबून पाणी कमी पिणे हे मात्र लाळ घट्ट होण्याचे पक्के कारण आहे, आणि आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्याविषयी मी निराळे काय सांगावे !

ओळखण्याची खूण एकच : जेवताना गाठ वर येते, दुखते, आणि नंतर उतरते. ताप बहुधा नसतो. खडा लहान असेल तर भरपूर पाणी पिणे, लिंबाची फोड चघळून लाळ सोडणे, गरम शेक आणि ग्रंथीवरून नळीच्या तोंडाकडे हलक्या हाताने चोळणे, एवढ्याने तो कधी कधी बाहेर पडतो. न पडल्यास डॉक्टर तोंडातून काढतात. खोल असेल तर दुर्बिणीने काढतात वा क्वचित ग्रंथीच काढावी लागते. इथे पाहा, ज्या आंबटाने गालगुंडात कळ वाढते, तेच आंबट खड्यात औषध होते. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

तिसरा प्रकार : पू झालेली ग्रंथी

आपले एक ज्येष्ठ सभासद, सत्तरी ओलांडलेले काकाजी. पोटाचे ऑपरेशन होऊन घरी आले. तोंडाला चव नाही म्हणून तीन दिवस घोट-घोट पाण्यावर होते. चौथ्या दिवशी डावा गाल कानापुढे लालबुंद, कडक आणि गरम झाला, हुडहुडी भरली. घरच्यांनी म्हटले, "बुढ्याले या वयात गालफुगी झाली." गेरूचा लेप दिला. दोन दिवस त्यात गेले. मी ऊसनोंदीच्या कामाने गेलो तेव्हा ते बरळत होते. गाडी करून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. तोंडात पाहिल्यावर वरच्या दाढेसमोरच्या त्या बारीक टोकातून पू येत होता. आठ दिवस सलाइन व इंजेक्शने चालली. आज काकाजी पुन्हा वावरात दिसतात, पण दोन दिवस आणखी गेले असते तर दिसले असते की नाही कोण जाणे.

हा जंतूंचा संसर्ग. अंगात पाणी कमी पडले, लाळ आटली, आणि तोंडातले जंतू नळीतून वर चढले. म्हाताऱ्या माणसांना, ऑपरेशननंतर, जुलाब-उलट्यांनंतर, मधुमेह्यांना, आणि रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या व ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड गोळी लागून अंथरुणाला खिळले होते. त्यांनाही शेवटच्या दिवसांत कानाखालच्या ग्रंथीत असाच पू झाला होता. तेव्हा अँटिबायोटिक नव्हते. आज आहे, आणि या प्रकारात ते जरूर लागते. पूचा फोड झाला तर डॉक्टर तो फोडून निचरा करतात. घरी सुईने टोचू नये, कारण चेहरा हलवणारी शीर याच ग्रंथीतून जाते. तिला इजा झाली तर तोंड वाकडे होते.

घरात कुणी आजारी म्हातारे असेल तर काय करावे? दर तासाला चार घोट पाणी पाजावे, जेवणानंतर चुळा भरायला लावाव्यात, कवळी काढून धुवावी, आणि डॉक्टरांची ना नसेल तर लिंबाचे सरबत द्यावे. एवढ्या साध्या गोष्टींनी हा आजार टळतो.

याखेरीज लक्षात ठेवण्यासारखे

गळ्याला दोन्ही बाजूंनी सूज, घशात राखाडी-पांढरा पापुद्रा आणि श्वासाला त्रास असेल तर ते गालगुंड नव्हे, घटसर्प असू शकतो. जनावराच्या घटसर्पाला आपण धावतपळत डॉक्टर आणतो, तर लेकरासाठी त्याहून लवकर निघावे.

कानापुढे किंवा जबड्याखाली न दुखणारी गाठ हळूहळू वाढत असेल, तोंड एका बाजूला ओढले जात असेल, तर ती ग्रंथीतील गाठ असू शकते. तीन आठवड्यांवर राहिलेली कोणतीही गाठ दाखवलीच पाहिजे. खर्रा खाणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावे. तोंड कमी उघडणे, न भरणारी जखम, पांढरे-लाल चट्टे ही तोंडाच्या कर्करोगाची पूर्वसूचना असते आणि त्या रोगाने मानेत गाठी येतात. "गालफुगी आहे" म्हणून वर्ष काढू नये.

आणखी एक गोष्ट माझ्या खात्यातली. फवारणी करताना किंवा केल्यावर तोंडातून लाळ गळू लागली, घाम सुटला, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, उलटी झाली, तर तो ग्रंथीचा रोग नव्हे. ती कीटकनाशकाची विषबाधा आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कास्तकार व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. डब्यावरील नाव पाहून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

वेळ न घालवता केव्हा निघावे

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. तिथून गरज पडल्यास सेवाग्राम किंवा सावंगीला पाठवतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

१) श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास, तोंड उघडत नाही.
२) सुजेवरची कातडी लाल-गरम, हुडहुडी, तोंडात पू.
३) मान आखडणे, सतत उलट्या, झटके, बरळणे.
४) अंडाची सूज किंवा वरच्या पोटात जोराची कळ.
५) अचानक ऐकू न येणे किंवा तोंड वाकडे होणे.
६) म्हातारे, मधुमेही किंवा नुकतेच ऑपरेशन झालेले माणूस, मग सूज लहान का असेना.

येत्या हंगामासाठी विनंती

टोळी आपल्या वावरात उतरली की तिची माणसे आपलीच. फडावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय करावी. एकच ग्लास सर्वांनी तोंडाला लावण्यापेक्षा वरून ओतून प्यावे. कोपीत कुणा लेकराचा गाल सुजला तर स्लिपबॉयला सांगावे, आशाताईंना कळवावे, आणि पाच दिवस त्या लेकराला इतर मुलांपासून वेगळे ठेवावे. त्या मुलाच्या बापाची एक दिवसाची तोड बुडाली तर मुकादमाने मोजू नये. मी मागच्या वेळी मान डोलावून पुढे गेलो. आपण जाऊ नये.

उजळणी

प्रश्न १ : जेवताना गाठ वर येते व नंतर उतरते, ताप नाही. काय असावे?
उत्तर : ग्रंथीच्या नळीत खडा. दाढ काढण्याआधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न २ : मुलाला गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत. त्याला गालगुंड होऊ शकते का?
उत्तर : होऊ शकते. त्या लशीत गालगुंडाचा भाग नाही.

प्रश्न ३ : गालगुंडाला अँटिबायोटिक द्यावे का?
उत्तर : नाही. ते पू झालेल्या ग्रंथीला लागते, विषाणूला नाही.

प्रश्न ४ : गालगुंडात अंड सुजले, आता मूल होणार नाही, हे खरे का?
उत्तर : बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही. वंध्यत्व दुर्मिळ आहे. पण दाखवायला उशीर करू नये.

प्रश्न ५ : ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाचा गाल सुजू नये म्हणून काय करावे?
उत्तर : पाणी पाजत राहावे आणि तोंड स्वच्छ ठेवावे.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे आपल्या खोडव्याकडे वळू. पाचट जाळू नका, हे तोवर ध्यानात असू द्यावे. आणि हो, वाफ्याला पाणी देताना स्वतःही दोन तांबे प्यायला विसरू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी, आर्वी गट